बारीत उलटं फिरता येत नाही

आषाढी एकादशीला बजाजनगरातून निघून नगर रोडला लागलं की मोबाईल खिशात ठेवून द्यावा. रस्ता विचारायची गरज पडत नाही, गर्दीच नेते. वाळूज औद्योगिक वसाहतीला लागून पंढरपूर नावाचं गाव आहे. सोलापूर जिल्ह्यातलं नव्हे, आपलं. लोक त्याला 'छोटं पंढरपूर' म्हणतात. ज्यांना भीमेकाठी जायला रजा मिळत नाही, गुडघे साथ देत नाहीत किंवा भाड्याचं गणित बसत नाही, ते इथं येतात. शहरातून पायी दिंड्या येतात, आसपासच्या खेड्यांतून येतात, रात्रपाळी संपवून थेट कंपनीच्या गणवेशात आलेले लोकही दिसतात. एरवी कंटेनर आणि ट्रेलरच्या मालकीचा असलेला हा हमरस्ता त्या दिवशी पायी चालणाऱ्यांचा होतो आणि जड वाहनं दुसरीकडून वळवली जातात.

देवळाजवळ पोचलं की बारी लागते. बारी म्हणजे रांगच, पण बँकेतली रांग वेगळी आणि बारी वेगळी. बँकेच्या रांगेतून कंटाळून बाहेर पडता येतं. बारीला दोन्ही बाजूंनी कठडे, पुढे माणसं, मागे त्याहून जास्त माणसं. पोराला शू लागली, चप्पल तुटली, सोबतची आजी मागे राहिली, काहीही झालं तरी सुटका पुढच्या बाजूनंच. विठोबाला भेटल्याखेरीज बाहेरचं दार येत नाही.

आता हेच मोबाईलवरच्या नकाशाला सांगून बघा. बाहेर पडायच्या दारापाशी उभं राहून 'विठ्ठल मंदिर, पायी' असं टाका. तो शांतपणे सांगेल, समोरच्या दारातून आत जा, हाच जवळचा रस्ता. दारावरच्या स्वयंसेवकाला हे पटवून देण्याची जबाबदारी अर्थातच तुमची.

नकाशाला बारी कळत नाही, याचं कारण निष्काळजीपणा नाही. नकाशाच्या डोक्यात 'वनवे' हा शब्द चाकांबरोबर आला आणि पाय त्याच्या आधीपासून स्वतःच्या नियमानं चालत होते. त्या दोन इतिहासांची गाठ अजून नीट बसलेली नाही. ती बसवायचं काम सध्या जगभरातले हौशी लोक करतायत, त्यात मोबाईल हातात असलेला कुणीही येतो, म्हणून हा लेख.

*

मी ज्या नकाशाबद्दल बोलतोय तो ओपनस्ट्रीटमॅप. २००४ च्या ऑगस्टमध्ये लंडनमध्ये स्टीव्ह कोस्ट या तरुणानं तो सुरू केला. ब्रिटनचे अधिकृत नकाशे ऑर्डनन्स सर्व्हे ही सरकारी संस्था करते; त्या काळी त्यांचा डेटा वापरायचा तर चांगलेच पैसे मोजावे लागत. मग लोकांनी सायकलला जीपीएस बांधून स्वतःचा नकाशा काढायला घेतला. पद्धत विकिपीडियाची: कुणीही खातं उघडावं, आपली गल्ली काढावी, दुसऱ्याची चूक दुरुस्त करावी. आपल्याकडे नकाशा ही पिढ्यानपिढ्या सरकारची गोष्ट होती. सर्व्हे ऑफ इंडियाचा जन्म १७६७ चा, म्हणजे ईस्ट इंडिया कंपनीच्या राज्यातला. नकाशे करण्यावरची आणि वापरण्यावरची परवानग्यांची बंधनं केंद्र सरकारनं मोठ्या प्रमाणावर सैल केली ती थेट फेब्रुवारी २०२१ मध्ये. तोवर हौशी मॅपर आपापल्या गल्ल्या काढत बसले होतेच.

या नकाशाच्या आतली रचना फार साधी आहे. ठिपके, ठिपक्यांना जोडणाऱ्या रेघा, आणि त्या दोन्हींना चिकटवलेल्या चिठ्ठ्या. चिठ्ठीला टॅग म्हणतात. 'हायवे=रेसिडेन्शियल' अशी चिठ्ठी असली तर तो वस्तीतला रस्ता; 'हायवे=फूटवे' असली तर फक्त पायी जायची वाट. (इथं हायवे म्हणजे हमरस्ता नव्हे, कुठलीही वाट. इंग्रजी कायद्यातून आलेला हा शब्द आपल्याकडच्या प्रत्येक नव्या मॅपरला एकदा तरी फसवतो.) 'नेम:एमआर' या चिठ्ठीत मराठी नाव लिहायचं. चिठ्ठ्या कुठल्या असाव्यात याची पक्की सक्ती नाही. लोक वापरतात, भांडतात, विकीवर लिहून ठेवतात, आणि जे टिकतं ते रूढ होतं. भाषेसारखंच.

आता रेघ काढायची म्हटली की ती कुठून तरी सुरू होते आणि कुठे तरी संपते. पहिला ठिपका, दुसरा, शेवटचा. त्यामुळे बजाजनगरातल्या प्रत्येक गल्लीला नकाशात एक दिशा आहे, गल्लीला कुणी विचारलेलं नसताना. ज्यानं ती काढली त्याचा माऊस ज्या बाजूला सरकला ती दिशा. ती दिसत नाही, तिला काही अर्थही नसतो. पण ज्या क्षणी कुणी त्या रेघेवर 'वनवे=यस' ही चिठ्ठी लावतो, त्या क्षणी ती दिशा जागी होते आणि रस्त्यावर बाण उमटतो. रेघ चुकून उलटी काढली गेली असेल तर 'वनवे=-१' असंही लिहिता येतं. म्हणजे नियम तोच, बाण उलटा.

हा वनवे आला चाकांसाठी. लंडनच्या आल्बेमार्ल स्ट्रीटवर एकोणिसाव्या शतकाच्या सुरुवातीला हम्फ्री डेव्हीची रसायनशास्त्रावरची व्याख्यानं व्हायची. ऐकायला बड्या घरच्या मंडळींच्या बग्ग्यांची इतकी दाटी होई की तो रस्ता एकाच दिशेनं चालवावा लागला, आणि तोच लंडनचा पहिला वनवे, असं सांगतात. बग्गीला मागे वळायला जागा लागते. दोन बग्ग्या समोरासमोर आल्या तर एकीला घोड्यांसकट मागे जावं लागतं. माणसाला तसं नाही, तो अंग चोरून निघून जातो. म्हणून जगभरच्या वाहतुकीच्या नियमांत वनवेचा फलक पायी जाणाऱ्याला लागूच होत नाही. आपल्याकडेही वाहनांवर निर्बंध घालायचा अधिकार १९८८ च्या मोटार वाहन कायद्यात आहे. पायी माणसांची गर्दी, जत्रा, मिरवणुका यांना शिस्त लावायचा अधिकार पोलिसांना मिळतो तो १९५१ च्या महाराष्ट्र पोलीस कायद्यातून. चाकांचा वनवे एका पुस्तकात, पायांचा दुसऱ्या.

नकाशा पहिल्या पुस्तकावर बेतला गेला. 'वनवे=यस' म्हणजे गाड्यांना एकच दिशा, पायी जाणारा मोकळा, असं गृहीत धरलं गेलं आणि रस्त्यांवर ते उत्तम चाललं. गोंधळ झाला तो पायवाटांवर. जिथं गाडी शिरतच नाही अशा रेघेवर कुणी 'वनवे=यस' लावलं, तर ते कुणाला सांगितलंय? एक म्हणतो, अर्थात पायी जाणाऱ्यांना, तिथं दुसरं आहे कोण? दुसरा म्हणतो, वनवेचा अर्थ ठरलेला आहे, तो पायांना लागू नाही. कदाचित त्या वाटेवरून सायकल जात असेल, तिच्यासाठी असेल. दोघेही बरोबर आहेत. म्हणूनच त्यांचं भांडण मिटत नाही.

यातून निघालेली वाट म्हणजे शब्द फोडून लिहिणं. 'वनवे:फूट=यस', म्हणजे पायांसाठी एकच दिशा. हेच 'फूट:बॅकवर्ड=नो' असंही लिहितात: या रेघेच्या उलट दिशेनं पायी जायला मनाई. सायकलींसाठी याच्या उलट सोय आधीपासून होती, 'वनवे:बायसिकल=नो', म्हणजे गाड्यांना वनवे असला तरी सायकलवाल्यानं उलट यायला हरकत नाही. रस्ता शोधून देणारी सॉफ्टवेअर वेगवेगळी आहेत आणि प्रत्येकानं आपला निर्णय घेतलाय. ओएसआरएम नावाचं त्यातलं एक प्रसिद्ध इंजिन आहे. त्याची पायी चालण्याची जी मांडणी आहे ती साधा 'वनवे' सरळ सोडून देते, मात्र 'वनवे:फूट' दिसला की तो पाळते. मला ही भूमिका पटते. पायी माणसाला अडवायचं असेल तर त्याचं नाव घेऊन अडवा, गाडीच्या नियमात गुंडाळून नको.

सरकत्या जिन्याचंही तसंच. त्याला पायऱ्यांची चिठ्ठी लावतात आणि सोबत 'कन्व्हेइंग=फॉरवर्ड' किंवा 'बॅकवर्ड', म्हणजे जिना कुठल्या बाजूला वाहतो. दिवसातून दिशा बदलणारा असेल तर 'रिव्हर्सिबल'. मेट्रो स्टेशनवरच्या माणसाला याचा फार उपयोग होतो, विशेषतः ज्याचे पाय दुखतात त्याला.

*

पण पायांचा वनवे सरकत्या जिन्याबरोबर आलेला नाही. आपल्याच जिल्ह्यात तो दोन हजार वर्षं जुना आहे.

शहरापासून शंभरेक किलोमीटरवर अजिंठ्याला जा आणि दहाव्या लेण्यात शिरा. १८१९ मध्ये जॉन स्मिथ नावाचा इंग्रज अधिकारी शिकारीला आला असताना ही लेणी त्याच्या नजरेला पडली. त्यानं दहाव्या लेण्यातल्या एका खांबावर आपलं नाव आणि तारीख कोरून ठेवली. आज कुणी तसं केलं तर पोलीस धरतील. त्याला आपण शोधाचं श्रेय दिलं. हे लेणं चैत्यगृह आहे, इसवी सनाच्या आधीचं. मध्ये लांबट दालन, टोकाला स्तूप, आणि दोन्ही बाजूंनी खांबांच्या रांगेमागून जाणारी अरुंद वाट, जी स्तूपामागून वळसा घेते. ही वाट प्रदक्षिणेची. स्तूप उजव्या हाताला ठेवून चालायचं, म्हणजे डाव्या बाजूनं आत, मागून वळायचं, उजव्या बाजूनं बाहेर. तिथं बाण नाही, फलक नाही, कठडा नाही. वनवे दगडात कोरलेला नाही, चालणाऱ्याच्या अंगात आहे. आता पर्यटक कसेही फिरतात आणि त्यात काही बिघडत नाही.

वेरूळला घृष्णेश्वरापाशी नियम बदलतो. शंकराची प्रदक्षिणा अर्धी. अभिषेकाचं पाणी जिथून बाहेर पडतं ते सोमसूत्र ओलांडायचं नाही. तिथवर जायचं आणि आल्या वाटेनं परत फिरायचं. मॅपरच्या भाषेत बोलायचं तर अजिंठ्याची वाट वनवे, आणि शंकराच्या देवळातली वाट दुहेरी, पण मध्ये एक न दिसणारं फाटक. एका जिल्ह्यात, एकाच प्रकारच्या गोल वाटेला, दोन नियम. यातलं काहीही नकाशात टॅग करू नये असं माझं मत आहे. ओपनस्ट्रीटमॅपचा एक जुना दंडक आहे: जागेवर जाऊन जे पडताळता येईल तेच काढा. श्रद्धेची दिशा पडताळता येत नाही. मी उलटी प्रदक्षिणा घातली तर कुणी म्हातारबाबा रागावतील, पण वाट मला थांबवणार नाही.

थांबवणारी वाट वेगळी. तिचा जन्म गर्दीतून होतो. युरोपातलं एक फार जुनं वर्णन १३०० सालचं आहे. पोप आठवा बोनिफेस यानं त्या वर्षी रोममध्ये जुबिली जाहीर केली आणि यात्रेकरूंचा लोंढा आला. टायबर नदीवरच्या पुलावर येणारे आणि जाणारे एकमेकांत अडकू नयेत म्हणून पूल लांबीत दुभागला, एका बाजूनं सेंट पीटर्सकडे जाणारे, दुसऱ्या बाजूनं परतणारे. हे आपल्याला कळतं ते दान्तेच्या 'डिव्हाइन कॉमेडी'मुळे. नरकातल्या पाप्यांच्या दोन रांगा समोरासमोरून कशा चालल्यात हे सांगताना त्यानं या पुलाची उपमा वापरली. वाहतूक नियोजनाचा दाखला नरकाच्या वर्णनात सापडावा, यात मुंबईच्या लोकलनं रोज जाणाऱ्यांना काही आश्चर्य वाटणार नाही.

भीमेकाठच्या पंढरपुरात हीच गोष्ट बारीच्या रूपानं वाढत गेली. पायावर डोकं ठेवायचं तर पददर्शनाची बारी, लांबून बघायचं तर मुखदर्शनाची. एकादशी जवळ आली की पददर्शनाची बारी दर्शनमंडपातून बाहेर पडून पत्र्याच्या शेडमधून गोपाळपूरच्या दिशेनं लांबत जाते, माणसं तासन्‌तास तिच्यात उभी असतात. आत येणारा आणि बाहेर जाणारा समोरासमोर येऊ नयेत, या एका गोष्टीवर तिथला सगळा बंदोबस्त उभा असतो.

*

ते समोरासमोर आले तर काय होतं, याचा महाराष्ट्राचा इतिहास अजून ताजा आहे.

२७ ऑगस्ट २००३. नाशिकला सिंहस्थ कुंभमेळा चालू होता. रामकुंडाकडे उतरणाऱ्या सरदार चौकाच्या अरुंद उतारावर अडवून ठेवलेली गर्दी एकावर एक कोसळली. ३९ माणसं गेली. पुढच्या सिंहस्थाला, २०१५ मध्ये, घाटाकडे येण्याच्या आणि परतण्याच्या वाटा वेगळ्या आखण्यावर भर होता. नाशिकच्या शाळकरी मुलांनी तेव्हा जमिनीवर अंथरायची एक चटई बनवली होती, तिच्यावर पडणारी पावलं मोजून गर्दी कुठे वाढतेय ते कळावं म्हणून. मला त्या वर्षातली ही सगळ्यात हुशार गोष्ट वाटते. पोलीस वरून बघतात, चटई खालून.

२५ जानेवारी २००५. वाईजवळचा मांढरदेव, काळूबाईची पौष पौर्णिमेची जत्रा. डोंगरावर जायची चिंचोळी वाट, दोन्ही बाजूंना दुकानं, फोडलेल्या नारळांच्या पाण्यानं निसरड्या झालेल्या पायऱ्या. चढणारे आणि उतरणारे एकाच वाटेवर. एक माणूस घसरला की त्याच्यावर दुसरा पडतो, आणि खाली काय झालंय हे वरच्याला दिसत नाही, तो ढकलतच राहतो. त्यात दुकानांना आग लागली. मृतांचा आकडा २९० च्या वर गेला. न्यायमूर्ती कोचर आयोग नेमला गेला.

२९ सप्टेंबर २०१७. मुंबईचं एल्फिन्स्टन रोड स्टेशन, आताचं प्रभादेवी. सकाळची ऑफिसची वेळ आणि अचानक पाऊस. छत्री नसलेले लोक पुलाच्या जिन्यावर पाऊस थांबायची वाट बघत उभे राहिले, मागून प्रत्येक लोकल नवी माणसं आणून ओतत होती. फूलवालीची फुलं पडली आणि 'फूल गिर गया'चं 'पूल गिर गया' झालं, अशी हकीकत तेव्हा सगळीकडे छापून आली. ती खरी असो वा नसो, २३ माणसं गेली. मग लष्कराला बोलावून नवा पूल बांधला आणि तो फेब्रुवारी २०१८ मध्ये खुला झाला.

बाहेरही हेच. जर्मनीत डुइसबुर्गला २०१० मध्ये लव्ह परेड नावाच्या संगीत मेळ्यात आत जायला आणि बाहेर यायला एकच बोगदा आणि एकच उतार होता. २१ जण मेले. सोलच्या इटेवॉनमध्ये २९ ऑक्टोबर २०२२ च्या रात्री सुमारे सव्वातीन मीटर रुंदीच्या उतरत्या गल्लीत वरून आणि खालून तरुण पोरंपोरी शिरत राहिली. १५९ गेली. त्यातली बहुतेक तुमच्या वयाची होती, आणि त्यातल्या प्रत्येकाच्या हातात नकाशा होता.

जॉन फ्रुइन या अमेरिकी अभियंत्यानं पायी चालण्याच्या नियोजनावर १९७१ मध्ये पुस्तक लिहिलं आणि पुढे गर्दीतल्या मृत्यूंचा अभ्यास केला. त्याचं म्हणणं असं की एका चौरस मीटरमध्ये सातच्या आसपास माणसं झाली की गर्दी माणसांसारखी वागत नाही, पाण्यासारखी वागते. लाटा येतात. पाय जमिनीवरून उचलले जातात. अशा ठिकाणी लोक बहुतेकदा तुडवले जाऊन मरत नाहीत, उभ्या उभ्या छाती दाबली जाऊन मरतात. 'चेंगराचेंगरी' या शब्दात पळापळीचा भास आहे, त्यामुळे चूक पळणाऱ्यांची वाटते. खरं तर तिथं पळायला जागाच नसते.

एकदिशा केली की सगळं सुटतं असं नाही. पूल अरुंद असेल तर एकाच दिशेनं चालणारेही त्यात अडकतील. एल्फिन्स्टनला रुंदीच कमी होती. पण अरुंद जागेत दोन प्रवाह एकमेकांवर आदळू न देणं हा स्वस्तातला आणि लगेच करता येणारा उपाय आहे, दोरी आणि चार माणसं पुरतात. आणि दोरी कुठे आहे हे माणसाला तिथं पोचायच्या आधी कळलं तर अजून बरं. नकाशाचं काम इथं सुरू होतं.

*

तरीही मॅपरनं पायांच्या वाटेवर बाण काढताना हात आखडता घ्यावा, असं मला वाटतं. नकाशा 'पायी माणूस दोन्हीकडे जाऊ शकतो' असं गृहीत धरतो ते बरंच आहे. आपल्या इतिहासात वाटेवर चालण्याचा हक्क फुकट मिळालेला नाही. पंढरपूरच्या महाद्वारात नामदेव पायरीपाशी चोखोबांची समाधी आहे, दाराच्या बाहेर. त्यांना आयुष्यभर आत जायची वाट नव्हती. ती वाट दलितांसाठी उघडावी म्हणून साने गुरुजींनी उपोषण केलं ते १९४७ च्या मे महिन्यात. त्याच्या सतरा वर्षं आधी, २ मार्च १९३० ला, डॉ. आंबेडकरांच्या नेतृत्वाखाली नाशिकच्या काळाराम मंदिराचा सत्याग्रह सुरू झाला, सरदार चौकापासून फार लांब नसलेल्या दारात. ओपनस्ट्रीटमॅपमध्ये 'ॲक्सेस' नावाची चिठ्ठी असते: यस, नो, प्रायव्हेट, परमिसिव्ह. परमिसिव्ह म्हणजे मालकानं जाऊ दिलंय तोवर. मला हा शब्द वाचला की चोखोबांची पायरी आठवते. आपल्याकडे शतकानुशतकं कितीतरी वाटा परमिसिव्ह होत्या, त्याही मालक खूष असेल तोवर.

म्हणून कठडा दिसला की बाण काढायचा, असं करू नये. कठडा लावणारा प्रत्येक जण 'तुमच्या सुरक्षेसाठी' म्हणतोच. हाउसिंग सोसायटीचं फाटक, मॉलचा मागचा दरवाजा, कुणी तरी हौसेनं बांधलेली साखळी. कुणी लावला, कुणासाठी लावला, कधीपर्यंत राहणार, हे बघून मगच.

बजाजनगरात राहणाऱ्याला 'कधीपर्यंत' हा प्रश्न चटकन समजतो. हे गाव पाळ्यांवर वाढलंय. बजाज ऑटोचा वाळूजचा कारखाना नोव्हेंबर १९८५ मध्ये सुरू झाला आणि त्याच्या आधारानं वडगाव कोल्हाटीच्या शिवारात ही कामगारांची वस्ती उभी राहिली. औद्योगिक वसाहतीतल्या कुठल्याही मोठ्या फाटकावर पाळी बदलताना उभं राहून बघा. एकाच वाटेनं पावणेसातला लोंढा आत जातो आणि सव्वासातला बाहेर येतो. वाट तीच, दिशा घड्याळाची. आत जायला फिरतं फाटक असेल, म्हणजे एका वेळी एक माणूस सोडणारा तो लोखंडी दांडा, तर ते मात्र खरंखुरं एकदिशा: ढकललं तरी उलटं फिरत नाही. त्याला नकाशात 'टर्नस्टाईल' अशी चिठ्ठी आहे. आणि फक्त बाहेर पडायचं दार असेल तर 'एन्ट्रन्स=एक्झिट'. माझ्या मते देवळांसाठीही हीच चिठ्ठी जास्त प्रामाणिक आहे. बारीची वाट वर्षभर नसते, दार असतं. दारालाच सांगावं की तू बाहेरचा आहेस.

समजा, एकादशीच्या दिवशी कुणी उत्साही मॅपर छोट्या पंढरपुरात गेला. देवळाच्या बाजूच्या गल्लीत कठडे बघितले, घरी येऊन त्या रेघेवर 'वनवे:फूट=यस' लावलं आणि झोपला. दुसऱ्या दिवशी बारस. बांबू सुटले, कठडे टेम्पोत गेले. त्या गल्लीत राहणाऱ्या बाईला मात्र नकाशा आता सांगतोय की कोपऱ्यावरच्या किराणा दुकानातून घरी यायचं तर सगळा वळसा घालून या. ती नकाशा बघत नाही हे खरं. पण तिच्याकडे पार्सल घेऊन येणारा पोरगा बघतो, आणि त्याला पायी टाकलेली प्रत्येक मिनिटं मोजून मिळतात.

यावर उपाय आहे, अटीची चिठ्ठी. 'वनवे:फूट:कंडिशनल', आणि पुढे कंसात वेळ: अमुक दिवशी, अमुक ते अमुक वाजेपर्यंत यस. वेळ लिहायची ठरलेली पद्धतही आहे, तीच जी दुकानांच्या उघडण्या-मिटण्यासाठी वापरतात. वार कळतात, महिने कळतात, सार्वजनिक सुट्ट्या कळतात. दरवर्षी तारीख बदलणारा सणही कळतो, पण तो एकच: ईस्टर. चंद्र बघून ठरणारी ईस्टरची तारीख या पद्धतीत एका शब्दात लिहिता येते. आषाढ शुद्ध एकादशी लिहिता येत नाही. ही पद्धत युरोपात घडली, तिथल्या दुकानांच्या पाट्या बघून. कुणी मुद्दाम आपल्याला वगळलं असं नाही. पण बारीसाठी तेवढ्यानं भागत नाही. २०२३ ला आषाढी २९ जूनला होती, २०२४ ला १७ जुलैला, २०२५ ला ६ जुलैला. २०२६ ला अधिक महिना आल्यानं ती थेट २५ जुलैला गेली.

आणखी एक अडचण नियमाची. तात्पुरत्या गोष्टी नकाशात भरू नयेत असा ओपनस्ट्रीटमॅपचा संकेत आहे, आणि तो योग्य आहे, नाही तर प्रत्येक मांडव नकाशात येईल. पण बारी तात्पुरती म्हणायची की कायमची? ती दिवसभर असते आणि दरवर्षी असते. नाशिकचा सिंहस्थ बारा वर्षांनी येतो आणि २०२७ ला पुन्हा आहे. बारा वर्षांनी काही दिवसांसाठी जिवंत होणाऱ्या वाटेला नकाशात जागा द्यायची का? इटेवॉनची गल्ली एका रात्रीसाठी बारी व्हायला हवी होती, वर्षाच्या उरलेल्या रात्री ती साधी गल्लीच होती. मला यावर पक्कं उत्तर देता येत नाही. माझा कल असा की वाट आणि दारं कायमची काढावीत, नेमक्या जागी, नेमक्या रुंदीसह. 'विड्थ' ही चिठ्ठी फार कमी लोक भरतात आणि गर्दीच्या दिवशी तीच सगळ्यात उपयोगाची. दिशा मात्र तारखेसह लिहावी, आणि तारीख गेली की ती आपोआप झोपी जावी.

म्हणजे छोट्या पंढरपूरच्या त्या गल्लीसाठी सध्या करण्यासारखं एवढंच: साध्या दिवशी सकाळी जाऊन टेपनं रुंदी मोजायची, दोन्ही दारं ठिपक्यांनी दाखवायची, बाहेरच्याला 'एक्झिट' लिहायचं. बारीसाठी अटीची चिठ्ठी लावायची आणि तिच्यातली तारीख दरवर्षी पंचांग उघडून हातानं बदलायची.